आपण म्हणजे कोण?

संमतीपत्रात दोन चुका होत्या. दुसऱ्या परिच्छेदात ‘गोपनियता’ आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, ‘सहाय्य’. खिशाला पेन होतं, हात आपोआप गेला. ‘नि’ची वेलांटी दीर्घ केली, ‘स’ला काना दिला, समासात दोन खुणा केल्या आणि मग खाली सही ठोकली. समोरच्या मॅडमनी कागद घेतला, पाहिला आणि विचारलं, “आता कसं वाटतंय?”

“बरं वाटलं,” मी म्हणालो.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मानसशास्त्रज्ञाच्या खोलीत येऊन मला जेमतेम चार मिनिटं झाली होती आणि तेवढ्यात माझ्या हातून लिहून घेण्यासारखं काहीतरी घडलंसुद्धा होतं.

मी मुद्रितशोधक आहे. २६ वर्षं लोकांची प्रुफं वाचतोय. कादंबऱ्या, गौरवग्रंथ, सोसायट्यांचे अहवाल, पाककृतींची पुस्तकं, जे येईल ते. वय ४९. पुण्यात राहतो. हे सांगतोय ते एवढ्यासाठी की पुढे जे काही येणार आहे ते या धंद्यातल्या माणसाच्या नजरेतून येणार आहे. तुमचा अनुभव वेगळा असेल. तुम्ही कदाचित फॉर्मवर नुसती सही कराल.

तिथवर पोचलो कसा, तर छातीत धडधडून. पहिल्यांदा झालं ते म्हात्रे पुलावर, स्कूटरवर. हृदय असं उडायला लागलं की शर्ट हलतोय की काय असं वाटलं. बोटांना मुंग्या, तोंडाला कोरड, आणि एकच विचार, आपण आता जाणार. स्कूटर कडेला घेतली. एका भेळवाल्याने पाणी दिलं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरलं आणि मागे उरली ती फक्त धास्ती. मग तपासण्या. ईसीजी नॉर्मल. टू-डी इको नॉर्मल. ट्रेडमिलवर पळवलं, तेही नॉर्मल. थायरॉइड, साखर, बी-१२, सगळं जागच्या जागी. डॉक्टर खूश. “हार्ट एकदम छान आहे तुमचं. टेन्शन घेऊ नका.” मी मात्र घरी आलो तो खट्टू होऊन. माणसाला कधीकधी वाटतं, रिपोर्टात काहीतरी निघावं. निघालं की त्याला नाव असतं, गोळी असते, भेटायला येणाऱ्यांना सांगायला काहीतरी असतं.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी टेन्शनचा विषय काढला नाही. चिठ्ठी लिहिली, म्हणाले, “यांच्याकडे जाऊन या. औषध लागेल असं त्यांना वाटलं तर त्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतील.”

इथे जरा धंद्यातला राग काढून घेतो. आपल्याकडची वर्तमानपत्रं सरसकट सगळ्यांना ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हणतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस करून मग या विषयात एमडी वगैरे केलेला डॉक्टर. तो गोळ्या लिहून देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ गोळ्या देत नाही, तो बोलतो आणि बोलतं करतो. त्यातही ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही पाटी लावायची तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. १९९२च्या कायद्याने आलेली ही परिषद, इंग्रजी आद्याक्षरांनी आरसीआय. नोंदणी क्रमांक विचारला तर चांगला माणूस रागावत नाही. आणि तिसरा शब्द ‘समुपदेशक’. हा शब्द उत्तम काम करणारे पुष्कळ लोक लावतात, आणि आठवडाभराचा कोर्स केलेलेही लावतात. मी आधी त्या दुसऱ्या प्रकारातल्या एकाकडे जाऊन आलो होतो. त्यांनी मला पहिल्या वीस मिनिटांत पहाटे उठायला, कृतज्ञतेची वही ठेवायला आणि बायकोला महिन्यातून एकदा बाहेर जेवायला न्यायला सांगितलं. शेवटच्या सल्ल्यावर बायको खूश होती. मी परत गेलो नाही.

आणखी एक अडचण होती, ती पुण्याची. पुण्यात ‘येरवडा’ म्हटलं की दोन गोष्टी, तुरुंग आणि मनोरुग्णालय. लहानपणी वाड्यात कोणाचंही बिनसलं की ‘हा येरवड्याला जाणार’ असं म्हणत. यातल्या कोणत्या दाराने, ते म्हणणाऱ्याच्या रागावर अवलंबून. असल्या गावात वाढलेला मी दवाखान्यापासून दोन गल्ल्या लांब स्कूटर लावून, इकडेतिकडे बघत, फॉल-पिकोच्या दुकानाशेजारचा जिना चढलो. वर चपलांच्या रांगेत आधीच तीन जोड होते. त्यातला एक ओळखीचा वाटला. नव्हता.

आता पहिला तास. तास म्हणतात खरा, पण असतो ५० मिनिटांचा. उरलेल्या दहात त्या टिपणं काढतात आणि बहुधा चहा पितात.

आधी ते संमतीपत्र. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, हा त्याचा गाभा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात हा रुग्णाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. पण त्याला अपवाद आहेत आणि मॅडमनी ते एक एक करून वाचून दाखवले. माझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर, कारण ते कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. किंवा कोर्टाने मागितलं तर. एरवी बायकोने फोन करून विचारलं तरी सांगणार नाही, म्हणाल्या. “ती विचारणार,” मी म्हणालो. “विचारू देत,” त्या म्हणाल्या.

मग एक प्रश्नावली आली. नऊ प्रश्न. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ अशी सुरुवात, आणि प्रत्येकाला चार उत्तरं: अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन गुण. झोप, भूक, थकवा, कशातच रस न वाटणं, एकाग्रता. एकूण २७पैकी मला १३ पडले. मध्यम. शाळेपासून माझी हीच श्रेणी आहे. यात एक गोष्ट मला माहीत नव्हती. हे गुण म्हणजे निदान नव्हे, ताप मोजण्यासारखं आहे. थर्मामीटर ताप किती ते सांगतो, कशाचा ते सांगत नाही.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. मी ‘अजिबात नाही’वर खूण केली होती, तरी मॅडमनी कागद बाजूला ठेवून तोंडी विचारलं. सरळ. जीव द्यावा असं कधी मनात येतं का? इतक्या साध्या आवाजात मला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. आपल्याकडे समज असा की असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो. तसं होत नाही, हे या क्षेत्रातल्या लोकांनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलंय. मला तर उलट, कोणीतरी खोलीतली खिडकी उघडल्यासारखं झालं. ज्याला तिथे ‘हो’ म्हणावं लागत असेल त्याने माझा लेख वाचत बसू नये. १४४१६ लावावा. टेलि-मानस, सरकारी, ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

त्यानंतर मॅडमनी कोरा कागद आणि पेन्सिल घेतली. “घरातले सगळे सांगा. आजी-आजोबांपासून.” मी सांगत गेलो, त्या काढत गेल्या. पुरुष असेल तर चौकोन, बाई असेल तर वर्तुळ, लग्नाची आडवी रेघ, मुलं त्या रेघेला खाली लोंबणारी. गेलेल्या माणसाच्या आकृतीत फुली. आजोबा फुली, आजी फुली. धाकटे काका आले.

“ते विरक्त झाले,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“म्हणजे घर सोडून गेले. १९७९ साली.”

“जाण्याआधी त्यांना झोप लागायची का?”

मी गप्प. आमच्या घरात काका हा विषय निघाला की त्यांच्या वैराग्याबद्दल बोलतात, थोडं अभिमानानेच. त्यांच्या झोपेबद्दल चार दशकांत कोणी चकार शब्द काढलेला नाही.

मग आईचं वर्तुळ. मग बाबांचा चौकोन.

“बाबा शिक्षक. निवृत्त,” मी सांगत होतो. “रोज संध्याकाळी फोन करतात. त्या दिवशीच्या पेपरातल्या चुका वाचून दाखवतात. माझ्याआधी त्यांना सापडली की खूश होतात. एकदा तर पहिल्या पानावरच्या मथळ्यात...”

“आज येईल का फोन?”

“नाही. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं.”

पेन्सिल कागदावर टेकलेली होती. मी तिच्या टोकाकडे बघत होतो. ‘करतात’ नाही, ‘करायचे’. ‘दाखवायचे’, ‘व्हायचे’. एका दमात तीन क्रियापदं, तिन्ही चुकीच्या काळात. दुसऱ्याच्या मजकुरात असली चूक मी झोपेतही सोडली नसती.

मॅडमनी फुली मारली नाही. “राहू दे का आज तसाच?” त्या म्हणाल्या.

“राहू द्या.”

तो चौकोन अजूनही तसाच असावा. फाइल त्यांच्या कपाटात असते, आणि मी कधी मागितली नाही.

त्या दिवशी घरी येऊन आठला झोपलो तो सकाळी सातला उठलो. कोणी हे आधी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवतो. पहिल्या एक-दोन खेपांनंतर माणूस हलका होऊन घरी येतो असं काही नाही. मी घर बदलण्याचं सामान उचलल्यासारखा दमलो होतो. पुढचे दोन दिवस चिडचिडीत गेले. त्यानंतरच्या गुरुवारी जाऊच नये असं ठामपणे वाटलं. बहुतेकांना वाटतं म्हणे.

दुसऱ्या खेपेला मी तयारी करून गेलो. एका जुन्या प्रुफाच्या पाठीवर मुद्दे काढले होते, क्रमांक घालून. आठ मुद्दे. त्यांनी विचारलं, “आज कुठून सुरू करू या?” मी पहिला मुद्दा वाचला, दुसरा वाचला, आणि तिसऱ्यापाशी थांबलो. त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. पंखा फिरत होता.

या गप्प बसण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यात माझे पैसे जात होते. एका खेपेचे १,२०० रुपये. मला पानाला २५ मिळतात, आमच्या धंद्यात हा बरा दर आहे. म्हणजे ४८ पानं. म्हणजे सोळा पानांचे बरोबर तीन फॉर्मे. तीन फॉर्मे वाचायचे आणि त्यांच्यासमोर जाऊन बसायचं. ५० मिनिटांनी भागलं तर मिनिटाला २४ रुपये. म्हणजे एक मिनिट गप्प बसलं की जवळजवळ एक पान गेलं. त्या दिवशी मी निदान पाच पानं पंख्याखाली घालवली. (पैशांची अडचण असेल तर आधीच बोलावं. पुष्कळ जण फी कमी करतात, सरकारी रुग्णालयांत तर फारच थोडक्यात काम होतं. मी भिडेपोटी बोललो नाही, माझी चूक.)

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “काय सल्ला दिला?”

“काही नाही.”

“अहो, मग बाराशे कशाचे?”

“ऐकण्याचे.”

“मी ऐकते की फुकट.”

ऐकते. अगदी मनापासून ऐकते. पण ‘मला भीती वाटते’ असं मी हिला रात्री सांगितलं तर सकाळी पोहे करताना तिचा चेहरा वेगळा असतो, मग तो चेहरा सांभाळायचं काम माझ्याकडे येतं. मॅडमच्या चेहऱ्याची जबाबदारी माझ्यावर नव्हती. २४ रुपये मिनिट या सोयीचे होते हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी काहीसा प्रवचनाच्या सुरात बोलत होतो. “माणूस गेल्यावर आपल्याला वाटतं, की आपण त्या दिवशी फोन उचलायला हवा होता.”

“कोणाला वाटतं?”

“आपल्याला. म्हणजे सगळ्यांनाच वाटतं ना.”

“सगळ्यांचं राहू दे.”

मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. फार सुंदर सोय आहे ही, मी लेखकांना ती समजावून सांगत आलोय. त्या क्षणी लक्षात आलं की गेले तीन आठवडे मी या सोयीचा पांघरुणासारखा वापर करत होतो. ‘आपल्याला कसंतरी होतं.’ ‘आपण कामात असतो.’ ‘आपलं वय झालं की.’ माझ्या दुःखात मी मॅडमना, फॉल-पिकोवाल्याला आणि अख्ख्या पुणे शहराला ओढून आणलं होतं, म्हणजे मग ते माझ्या एकट्याचं उरायला नको.

“मला वाटतं,” मी म्हणालो. दोन शब्द. मग बराच वेळ दुसरं काही बोलता आलं नाही. टेबलावर टिश्यूचा खोका असतो, तो उगाच नसतो.

बाबांचा शेवटचा फोन मी उचलला नव्हता. फॉर्मा संपत आला होता, संपला की करू असं ठरवलं. संपायला दहा वाजले आणि दहा वाजता ते झोपलेले असतात. असायचे.

यानंतर गृहपाठ सुरू झाला. गृहपाठ असतो, हेही मला नवीन होतं. वहीत रकाने पाडायचे: काय घडलं, मनात काय आलं, काय वाटलं, किती वाटलं. शेवटच्या रकान्यात शंभरपैकी आकडा. मी इमानदारीत आठवडाभर भरले. प्रकाशकाचा फोन: टेन्शन, ७०. भावाने गटात टाकलेला नव्या गाडीचा फोटो: टेन्शन, ४०. दूधवाला आला नाही: टेन्शन, ३०. मुलीचा निकाल: टेन्शन, ८०. मॅडमनी पान वाचलं आणि म्हणाल्या, “छान. आता ‘टेन्शन’ शब्द न वापरता हेच लिहून आणा.”

मला राग आला. माझ्यासारख्याला शब्द शोधून आणायला सांगतात! रुखरुख, हुरहुर, खंत, बोचणी, उद्वेग, घुसमट, धास्ती, चरफड. माझ्याकडे शब्दांची कमी नाही. पण ते शब्द लेखकांचे होते, मी त्यांचे फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितले होते. स्वतःच्या रकान्यात घालायला बसलो तर दोन दिवस लागले. भावाच्या गाडीपुढे ‘हेवा’ लिहिताना पेन अडलं. प्रकाशकाच्या फोनपुढे आला ‘अपमान’, हे तर मला ठाऊकच नव्हतं. दूधवाल्यापुढे काहीच लिहिता येईना. त्या सकाळी दूधवाला निमित्त होता, बिचारा. आणि रात्री साडेतीनला जाग येते त्याच्यापुढे मी तीनदा खोडून ‘रुखरुख’ लिहिलं. ९० नाही, ३५. मोजल्यावर एवढीच निघाली. पण रोजची.

याच सुमारास मॅडम पारिभाषिक शब्दांतून मराठीत आल्या. सुरुवातीला त्या ‘ॲन्झायटी’, ‘ग्रीफ’, ‘ट्रिगर’ असं बोलायच्या आणि मीही तसंच बोलायचो, फार सोपं जायचं. ‘मला थोडी ॲन्झायटी आहे’ हे मी बँकेच्या रांगेतही म्हणू शकतो. ‘मला भीती वाटते’ हे ४९ वर्षांच्या पुरुषाने मराठीत म्हणून दाखवावं. तुम्ही जाणार असाल तर ज्या भाषेत तुम्ही घरी भांडता त्या भाषेत बोलणारा माणूस मिळतो का, हे पाहा. पुण्या-मुंबईतसुद्धा त्यासाठी थोडं विचारत फिरावं लागतं.

मग ‘च’चं प्रकरण. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमाराला एक उपचारपद्धती मांडली. तिला मराठीत विवेकनिष्ठ म्हणतात आणि महाराष्ट्रात तिचे बरेच अनुयायी आहेत. म्हणणं असं, की घटना आपल्याला थेट छळत नाही, घटना आणि भावना यांच्या मध्ये एक विचार उभा असतो, आणि बरेचदा तो हट्टी असतो. ‘असं असावं’ इथवर ठीक. ‘असंच असलं पाहिजे’ झालं की त्रास. मॅडमनी माझ्या वहीतल्या एका वाक्याखाली रेघ मारली: ‘चूक राहताच कामा नये.’

“यातला ‘च’ कोणाचा?”

लेखकांच्या हस्तलिखितांतले फालतू ‘च’ मी वर्षानुवर्षं उडवत आलोय. पानातून पाच-सहा सहज जातात. हा दिसला नव्हता. काही वर्षांपूर्वी एका गौरवग्रंथात छायाचित्राखालचं मृत्यूचं साल चुकीचं गेलं, माझ्या नजरेखालून. ५०० प्रतींवर चिकटपट्टी लावावी लागली. प्रकाशकाच्या गोदामात जमिनीवर बसून मीही लावल्या. कोणी बसायला सांगितलं नव्हतं. हे सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या, तेच वाक्य ‘च’शिवाय म्हणून बघा. “चूक राहू नये असं मला फार वाटतं.” मी म्हटलं. मिळमिळीत वाटलं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं. मुद्रितशोधकाने तो ‘च’ सोडला तर उरतं काय, या मुद्द्यावर आमचं आजतागायत एकमत झालेलं नाही. त्या म्हणतात, एकमत व्हायलाच हवं असं नाही. मी त्यांना त्यांच्या वाक्यातला ‘च’ दाखवला. हसल्या.

एक प्रयोग मात्र मी विसरणार नाही. हृदयाचे रिपोर्ट पुन्हा एकदा पाहून घेऊन त्यांनी मला खुर्चीत बसून भराभर, खोल श्वास घ्यायला लावला. एक मिनिट, घड्याळ लावून. तिसाव्या सेकंदाला डोकं हलकं झालं. चाळिसाव्याला ओठ बधिर. पन्नासाव्याला बोटांना मुंग्या आल्या. त्याच मुंग्या! म्हात्रे पुलावरच्या, हुबेहूब. फॉल-पिकोच्या दुकानावर, भर उजेडात, मी स्वतःच्या हाताने त्या आणल्या होत्या. “घाबरलेला माणूस नकळत असाच श्वास घेतो,” त्या म्हणाल्या. “रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात. मुंग्या आल्या की माणूस आणखी घाबरतो.” मग उलटा धडा, चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, बाहेर जाणारा श्वास लांब. मुंग्या गेल्या. मला थोडं फसवल्यासारखंही वाटलं, की ज्याने मी मृत्युपत्राचा विचार केला ते एवढंसंच होतं?

त्यांनी तेव्हाच विचारलं होतं, पुलावर झालं ते साधारण किती वाजता? मी सांगितलं, सव्वाआठ असतील. “आणि बाबांचा फोन?” आठ-सव्वाआठलाच यायचा. त्या पुढे काही बोलल्या नाहीत, पण मला कळलं त्यांना काय म्हणायचंय. मला हे फार जुळवून आणल्यासारखं वाटलं. कादंबरीत असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह केलं असतं. पुण्यात आठ-सव्वाआठला म्हात्रे पुलावर कोणाचंही हृदय धडधडेल. पण हेही खरं, की त्या वेळी मी आता फोन खिशातून काढून बाहेर ठेवतो. का, ते विचारू नका.

चौदा खेपा झाल्या. आता पंधरवड्याने जातो. धडधड त्यानंतर दोनदा झाली, एकदा रांगेत, एकदा झोपेत. साडेतीनची जाग आठवड्यातून दोन-तीनदा येते. त्या प्रश्नावलीत १३चे सात झालेत. औषध लागलं नाही, पण आमच्याच इमारतीतल्या एकाला लागलं आणि चांगलं लागू पडलं. तेव्हा मला लागलं नाही यात माझी काही बहादुरी नाही. स्कूटर अजूनही एक गल्ली लांब लावतो. आधी दोन होत्या.

परवा बाहेरच्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक विशी-बाविशीचा मुलगा, मांडीवर संमतीपत्र. वाचत होता, म्हणजे वाचण्याचं नाटक करत होता, पाय हलत होता. मी तिरक्या नजरेने पाहिलं. दुसरा परिच्छेद. ‘गोपनियता’.

आत गेल्यावर पहिलं वाक्य तेच बोललो. “मॅडम, ते करेक्शन राहिलं हो.”

“केलं होतं मी,” त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या. “दोन्ही केली होती. प्रेसवाल्याने जुनीच फाइल छापली. पाचशे प्रती आल्यात.”

मी इतका हसलो की बाहेरच्या त्या मुलाला ऐकू गेलं असणार. २६ वर्षांत हे वाक्य मी किती जणांना सांगितलंय याची गणतीच नाही. दोन्ही फाइलींची नावं काय होती, ‘फायनल’ आणि ‘फायनल टू’ का, तर हो. चार-पाच मिनिटं त्यातच गेली. शंभरेक रुपये.